मान बघणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर नमस्काराला नमस्कार करत नसत. समोरच्यानं हात जोडले की ते त्याच्या हनुवटीखाली बघत आणि म्हणत, "जरा डावीकडं वळा." माणूस बिचारा वळे. डॉक्टर मानेला दोन बोटं लावून उभे राहत, आणि मग ओळखपाळख, पाऊसपाणी, जे काय असेल ते सुरू होई. एका लग्नात आहेर द्यायला गेले आणि नवरदेवाचे हार बाजूला सारून तिथंच बोटं टेकवली. वरमाईला वाटलं, गळ्यातली चेन सोन्याची आहे की पॉलिशची, ते बघून राहिलेत. ती अशी भडकली की जेवणाच्या पंगतीपर्यंत तिचा आवाज येत होता. डॉक्टरांच्या गावीही नव्हतं. खाली आल्यावर मला म्हणाले, "चांगली मान आहे पोराची. संसार टिकेल."

मी तेव्हा त्यांच्याकडं कामाला होते. हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, आणि रेल्वे स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर डॉक्टरांचं सोनोग्राफी सेंटर होतं. दारातल्या टेबलाशी बसून पेशंटची नावं पुकारायची, जेली पुसायला कागद द्यायचा, लाइट गेली की जनरेटर लावायचा, एवढंच माझं काम. पण मी बारावी पास होते, चाळिशीला आले होते आणि डॉक्टरांनी टाकून दिलेला एक पांढरा कोट माझ्या अंगावर आला होता. या तिन्ही गोष्टी एकाच बाईत जमल्या की आजूबाजूच्यांनी जपून राहावं. तो कोट घालून मी भाजी आणायला जात असे. सासरी, शिरड शहापूरला गेले तरी पिशवीत तो असेच. तिथं कुणी "डॉक्टरीणबाई आल्या" म्हटलं की मी लाजून "कशाची डॉक्टरीण हो" म्हणे आणि लगेच त्याला जीभ दाखवायला लावी. जिभेत काय बघायचं हे मला आजही माहीत नाही.

सोनोग्राफी म्हटलं की आमच्या भागात लोकांना एकच माहीत, गरोदर बाई. पण डॉक्टरांनी हैदराबादेत शिकताना मानेचा नाद लावून घेतला होता. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. त्यांच्यात आतून गाळ बसत गेला की वाट अरुंद होते, एखादा कण सुटून वर जातो, मेंदूतली बारीक नळी बुजवतो आणि चांगला हिंडता फिरता माणूस अर्ध्या अंगानं आडवा होतो. आमच्याकडं याला "वारं गेलं" म्हणतात. अंगावरून वारं गेलं म्हटलं की विषय संपला. ते आलं कुठून, हे कुणी विचारत नसे. डॉक्टर तेच विचारत बसत. मानेवर जेली लावायची, यंत्राचा दांडा टेकवायचा आणि आतलं वाहणं बाहेरूनच बघायचं. सुई नाही, चिरा नाही, रक्ताचा थेंब नाही. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की जणू सुईशी त्यांची भावकीतली भांडणं होती.

आणि लोकांना नेमकं तेच पटत नसे. "टोचलंच न्हाई तर कळंल कसं?" असं म्हणून माणसं खाटेवरून उतरायला तयार नसत. एकदा एक म्हातारी दंड उघडा करून बसूनच राहिली. डॉक्टर तिला यंत्र समजावून सांगत होते आणि ती म्हणत होती, "ते समदं बराबर हाय बाबा, पण सुई कवा देतो?" शेवटी मी तिला बाहेर आणलं, स्पिरिटचा बोळा दंडावर खसाखसा घासला आणि म्हटलं, "झालं." म्हातारी दंड चोळत खुशीत गेली. मग मी ती पद्धतच पाडली. डॉक्टर आत विनासुईच्या शास्त्राचा झेंडा फडकवत, आणि मी दारात बसून त्यांच्या पेशंटांच्या दंडांना स्पिरिट घाशी. सेंटर माझ्यामुळं चालतं असं मला वाटायचं, त्याला हेही एक कारण होतं.

"पोटाला सगळे विचारतात," डॉक्टर म्हणत, "मानेला कोण विचारतं?" लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की यांचा बाप लकव्यानं गेला असणार, म्हणून हे वेड. बाप वसमतकडं राहत होता, नव्वदीला टेकला होता आणि सायकलवरून येऊन लेकाला रागावून जात होता, "पोटं बघ, पोटं. माना बघून कुणाचं भलं झालं?" डॉक्टर बापाचं ऐकून घेत आणि जाता जाता त्याचीही मान बघून घेत.

तेव्हा आमच्या स्टेशनात मीटरगेजची गाडी यायची, आणि रूळ रुंद होणार, ब्रॉडगेज होणार, अशी बोलणी कायम चाललेली. डॉक्टरांनी तेवढं उचललं. धमनी चांगली असली की म्हणत, "ब्रॉडगेज." अरुंद झालेली दिसली की म्हणत, "मीटरगेज झाली." पेशंट घाबरून विचारी, "म्हंजे काय हो?" तर म्हणत, "गाडी चालते. पण किती दिवस?" आणि खिडकीतून गाडीची शिट्टी आली तर असे बघत, जणू गाडीनं त्यांच्याच बाजूनं साक्ष दिली.

पोटं मात्र त्यांना बघावीच लागत, कारण जगायचं होतं. त्यात कधीकधी एखादी सासू सुनेबरोबर आत घुसे आणि इकडचं तिकडचं बोलत मुद्द्यावर येई, "डॉक्टरसाहेब, तेवढं कायतरी इशाऱ्यानं सांगा की. पोरगा का पोरगी." अशा वेळी डॉक्टर ओरडत नसत. सुनेचं काम आटोपून तिला बाहेर पाठवत आणि सासूला म्हणत, "आता तुम्ही झोपा." सासू गोंधळून आडवी होई. डॉक्टर तिची मान बघत, बराच वेळ, चेहरा गंभीर करून. मग म्हणत, "लेकराचं सांगणं कायद्यात बसत नाही. तुमचं सांगतो. धमनी बरी आहे, पण भांडण केलं की ताण येतो. सुनेशी हळू बोला." कित्येक सासवा आमच्या सेंटरातून गळ्याला पदर गुंडाळून, हळू आवाजात बोलत बाहेर पडलेल्या मी बघितल्या आहेत.

आता माझ्या अकलेचं सांगते. यंत्राच्या पडद्यावर रक्त रंगीत दिसायचं, कुठं लाल, कुठं निळं. हे बघून बघून मी एक शास्त्र तयार केलं होतं. लाल म्हणजे चांगलं रक्त, निळं म्हणजे नासलेलं. किती सोपं. हे शास्त्र मी माझ्याजवळ ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. पण हट्टा गावचे एक रिटायर मास्तर आले. दारापर्यंत उपरण्यानं तोंड झाकून आले, कारण बायांच्या दवाखान्यात चढताना कुणी बघू नये. त्यांची मान निर्दोष निघाली. बाहेर आल्यावर मी कोटाच्या खिशात हात घालून हलक्या आवाजात म्हटलं, "गुरुजी, डॉक्टर बोलले नाहीत, पण निळं जरा जास्त दिसलं. पालक खा. बीट खा." मास्तर शिस्तीचे. पुढच्या खेपेला आले ते गालफडं बसलेले, आणि डॉक्टरांना म्हणाले, "दुसरं काहीही सांगा, पण बीट आता उतरत न्हाई."

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मास्तरांच्या मानेवर दांडा ठेवला. पडद्यावर लाल. मग तोच दांडा जरासा तिरका केला. पडदा निळा. पुन्हा सरळ केला, लाल. "बघा," मला म्हणाले, "गुरुजींचं रक्त नासलं. आता सुधारलं. आता पुन्हा नासलं." मास्तर खाटेवर पडून माझ्याकडं बघत होते. "यंत्राकडं येणारं लाल, यंत्रापासून लांब जाणारं निळं. येणारी गाडी आणि जाणारी गाडी, बस. आणि बाई, रंग बघून काही कळत नसेल तर आवाज ऐकत जा. यंत्राला आवाज पण आहे."

आवाज असल्याचं मला ठाऊक होतं. तो खरखर, हुश्शहुश्श आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि गप्पांत व्यत्यय आणायचा, म्हणून सकाळी यंत्र पुसताना मीच त्याचा कान, म्हणजे आवाजाचं बटण, पिळून ठेवत असे.

बकऱ्याचंही सांगून टाकते. बाजाराच्या दिवशी एक मेंढपाळ म्हाताऱ्याला घेऊन आला, आणि बाजारातून घेतलेलं बकरू दारात कुठं बांधायचं म्हणून ते पण आत. म्हाताऱ्याचं झाल्यावर तो गमतीनं म्हणाला, "सायेब, आमच्या बोकडाची पण बघून टाका मान." डॉक्टरांना गंमत वगैरे कळत नसे. त्यांचे डोळे लकाकले. मला म्हणाले, "धरा." मी पांढऱ्या कोटात बोकड धरून उभी. बोकडानं आधी जेली चाटली, मग माझा कोट चाटला. डॉक्टर पडद्याला नाक लावून म्हणत होते, "काय सरळ नळी आहे. माणसात अशी मिळत नाही." बोकडानं त्याच वेळी माझ्या चपलांवर लेंड्या टाकल्या. बाहेर बसलेल्या बायांनी हे सगळं बघितलं आणि त्या दिवशी कुणीही मला डॉक्टरीणबाई म्हटलं नाही.

असा हा माणूस. त्यांच्याकडं इतकी वर्षं काढूनही मानेचा विषय माझ्या डोक्यात शिरला नव्हता, हे मला कळलं ते मालकांच्या वेळी.

मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, मालक तांब्याची तार गुंडाळून त्या जिवंत करायचे. बोलणं कमी. कुणाच्या शेतात गेले तर चालू मोटारीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचे, दांडीला कान लावायचे आणि सांगायचे, बेअरिंग गेलं की पाइप तुंबला. माणसांचं बोलणं त्यांनी एवढ्या लक्ष देऊन कधी ऐकलं नाही, निदान माझं तरी नाही.

एके सकाळी दुकानात तार गुंडाळता गुंडाळता त्यांच्या उजव्या हातातून बंडल पडलं. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "काय झालं शेठ?" तर तोंडातून शब्द निघाला तो चघळलेल्या पानासारखा. लोकांनी त्यांना बसवलं, हातावर तेल चोळलं, कांदा हुंगवला आणि रिक्षात घालून घरी आणलं. मी भाजी घेऊन परत येऊन बघते तर मालक बाजेवर बसून चहा पीत होते. उजव्या हातानं. बोलणं स्वच्छ.

"काही न्हाई," म्हणाले. "मुंग्या आल्या होत्या."

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, दाराशी मीठमिरच्या घेऊन उभ्या होत्या. "वारं आलं होतं," म्हणाल्या, "पण शिवून गेलं. तेल चोळलं म्हून वाचलं पोरगं." त्यांनी मालकांवरून मीठमिरच्या उतरवल्या. आणि मी, मानेच्या डॉक्टरांचा उजवा हात म्हणवणारी, मी काय केलं? कोट घातला, मालकांची जीभ बघितली, म्हटलं "अशक्तपणा आहे," आणि लिंबूसाखरेचं पाणी केलं. मग कामावर उशीर झाला म्हणून तरातरा सेंटरला गेले.

डॉक्टर एका बाईच्या पोटावर दांडा धरून होते. मी उशिराचं कारण सांगितलं, ते पण तक्रारीच्या सुरात, की काय मेलं सकाळीसकाळी. डॉक्टरांचा हात थांबला.

"कोणता हात?"

"उजवा. पण आता बरे आहेत."

"बोलणं?"

"जरा वेळ अडकलं होतं. आता चांगलं बोलतायत. मला चहात साखर कमी आहे म्हणाले."

"त्यांना घेऊन या."

"अहो डॉक्टर, पण ते बरे झाले."

"म्हणूनच म्हणतो. बरे आहेत तोवर आणा." बाईला तसंच जेलीत ठेवून ते माझ्याकडं वळले. पहिल्यांदाच माझ्या मानेकडं न बघता तोंडाकडं बघून बोलले. "बाई, हे इंजिन होतं. नुसतं सुटं इंजिन येऊन गेलं. मागून गाडी येते. आज येईल, दोन दिवसांत येईल. आली तर हात जाईल, बोलणं जाईल, माणूस जाईल. आजच आणा."

रस्त्यानं घरी पळताना त्या कोटाचा एवढा राग आला की बटणं लावायची नाही तर काढायची, हेच मला ठरवता येईना.

घरी पोहोचले तर दारात जीप. दुकानातून कुणी फोन केला म्हणून शिरड शहापूरहून थोरले दीर आले होते. एका गावात वाऱ्याचं औषध देणारा होता. त्याच्याकडं आजच न्यायचं, त्याला निरोपही गेला होता. त्याच्या औषधाची अट अशी की एकदा त्याचा पहिला घोट घेतला की दुसऱ्या कुणाचं औषध पोटात जाता कामा नये. मी डॉक्टरांचं सांगितलं. दीर म्हणाले, "पोरगं चांगलं बसून राहिलंय की. आता डॉक्टर काहून?"

मालक तर ऐकायलाच तयार नाहीत. "त्या बायांच्या खाटेवर मी झोपू?" म्हणाले. "मोंढा हसंल. तुझे डॉक्टर पण ना."

रडून बघितलं. मालक म्हणाले, "रडून काय व्हतं." मग मला माझ्या जन्मजात गुणाची आठवण झाली, म्हणजे खोटं बोलण्याची. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बरं, झोपू नका. पण डॉक्टरांच्या यंत्राचा आवाज सकाळपासून बिघडलाय. तुम्ही जाताच आहात तर वाटेत जरा कान लावून जा. तेवढाच त्यांचा खोळंबा वाचंल."

मालक उठले. स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. बायकोचं दुखणं असतं तर एवढ्या चटकन उठले असते की नाही, देव जाणे.

जीप सेंटरासमोर थांबली. दीर, आत्याबाई, मालक, सगळे बाहेरच्या बाकांवर बसले. मी आत जाऊन डॉक्टरांच्या कानात डाव सांगितला. डॉक्टर बाहेर आले आणि मालकांना म्हणाले, "यंत्र ठीक आहे. तुमची मान बिघडली आहे."

असा हा माणूस कुणाच्या खोट्याला टेकू देईल तर शपथ. मालक माझ्याकडं बघत उठले. आत्याबाई म्हणाल्या, "चला रे, औषधवाला बसून राहिला असंल." मी दारात आडवी उभी. तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली. डॉक्टर यंत्राची अख्खी गाडी चाकांवरून ढकलत बाहेर आणत होते. वायर पुरेना म्हणून मागं एक्स्टेन्शन बोर्ड ओढत होते. बाकासमोर यंत्र लावलं, एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. "झोपायचं नाही," म्हणाले. "बसायचं. आणि आधी माझी मान."

त्यांनी आवाजाचा कान पूर्ण फिरवला आणि दांडा स्वतःच्या गळ्याला लावला. सगळ्या व्हरांड्यात आवाज भरला, हुश्श, हुश्श, हुश्श, कुणी झाडू मारावा तसा, ताल धरून. मालक थांबले. मान जराशी कलली. आमच्या घरात हे मी ओळखते. मोटार ऐकताना त्यांची मान अशी कलते.

"आता बाईंची." मी बसले. माझी पण तशीच, हुश्श, हुश्श. दीर म्हणाले, "सूनबाईचा आवाज जरा जास्त हाय." कुणी हसलं नाही, पण मालकांच्या मिशा हलल्या, आणि ते येऊन खुर्चीवर बसले. फक्त ऐकायला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

उजवी बाजू झाली. झाडू बराबर चालला. मग डॉक्टर दुसऱ्या बाजूला आले, डाव्या कानाखाली दांडा ठेवला, थोडा वर सरकवला. आणि झाडू थांबून शिट्टी सुरू झाली. बारीक, चिरकी, फुसकारल्यासारखी शिट्टी, ठोक्याठोक्याला. त्याच क्षणी लाइट गेली. यंत्र गप्प झालं. आत्याबाईंनी किंकाळी फोडली, "गेलं का रं लेकरू?" मालकांनी स्वतःच आपलं मनगट धरून नाडी बघितली. "हाय, आई," म्हणाले. मी पळत जाऊन जनरेटर लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कामाची लाज वाटली नाही.

यंत्र पुन्हा चालू झालं. पुन्हा तीच शिट्टी. मालक डोळे मिटून ऐकत होते.

"काय वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं. पेशंटला नाही, कारागिराला विचारावं तसं.

"पाइप आवळलाय," मालक म्हणाले. "वाट बारीक झाली म्हून पाणी जोर करून राहिलंय."

"कुठं?"

मालकांनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं. डॉक्टरांच्या दांड्याशेजारीच.

थोरले दीर पुढं वाकून ती जागा बघू लागले. मग म्हणाले, "तेलानं मोकळा व्हईल का?"

डॉक्टर उत्तर द्यायला तोंड उघडत होते. पण मालकच बोलले. "दादा, पाइपात गाळ बसला तर बाहेरून तेल चोळून निघतो का?"

आत्याबाईंना एकच काळजी. "सुई न टोचता सांगून राहिले हे. खोटं निघालं तर?"

"खोटं निघालं तर फार चांगलं," डॉक्टर म्हणाले. "मी तुम्हाला पेढे आणून देईन."

आत्याबाईंनी लेकाकडं बघितलं. लेक अजून मान कलवून बसला होता, दांडा काढून घेतला तरी. त्या दिराला म्हणाल्या, "जीपमध्ये रॉकेल हाय का बघ." डिझेल म्हणायचं होतं त्यांना. ते कुणी दुरुस्त केलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. आधी नांदेडला डोक्याचा सीटी, मेंदूत रक्तस्राव तर नाही ना ते बघायला, कारण ते बघितल्याशिवाय रक्त पातळ करायची गोळीही देता येत नाही. तिथून पुढं हैदराबाद. एवढं सांगून आम्हाला निरोप देतील असं मला वाटलं. तर ते सेंटरला कुलूप लावून जीपमध्ये मालकांशेजारी चढून बसले. "बोलत राहा," म्हणाले. "बोलणं अडकलं तर मला कळलं पाहिजे."

"काय बोलू?" मालक म्हणाले.

"पंप कसा उघडतात ते सांगा."

मालकांनी पंप उघडायला सुरुवात केली. नटापासून. खड्ड्याखड्ड्यांतून जीप चालली होती, डॉक्टर त्यांच्या ओठांकडं टक लावून होते, आणि मालक सांगत होते, इंपेलर कसा काढायचा, फूटव्हॉल्व्हची चामडी कशी बदलायची, कोणत्या कंपनीची तार पाण्यात टिकत नाही. मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी जेवढं बोलले असतील त्याहून जास्त त्या रस्त्यात बोलले. मधेच एकदा थांबले. डॉक्टर पुढं झुकले. मालक म्हणाले, "तहान लागली." पाणी प्यायले आणि पुन्हा वॉशरपासून सुरू झाले.

नांदेडच्या सीटीत रक्तस्राव निघाला नाही, तेव्हा गोळी देऊन डॉक्टर तिथूनच परतले आणि आम्ही पुढं निघालो. हैदराबादच्या दवाखान्यात मोठ्या बोगद्यासारख्या यंत्रात घालून मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांचा अख्खा नकाशा काढला. तिथंही सुई नाहीच. झाडाच्या फांद्यांसारखं चित्र, आणि डाव्या बुंध्यात एका ठिकाणी फांदी जणू कुणी दोऱ्यानं आवळलेली. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, जागा बराबर आहे, लगेच ऑपरेशन करू. गाळ काढायचा, वाट मोकळी करायची.

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर होते. मला वाटलं, पांढरा कोट घातला तर कुणीतरी आत घेईल, निदान आतलं सांगेल तरी. घातला. एक सिस्टर लगबगीनं आली, माझ्या हातात एक झाकलेलं भांडं दिलं आणि तेलुगूत काहीतरी बजावून निघून गेली. ते भांडं कुठं रिकामं करायचं हे शोधत मी दोन मजले फिरले. आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती मी लघवीचं भांडं हातात धरून काढली. परत आले तेव्हा थोरले दीर दाराशी उभे होते आणि त्यांचे डोळे ओले होते. ते म्हणाले, "बोलला. पाणी मागून राहिला."

मालक घरी आले. मानेवर कानाखालून गळ्यापर्यंत एक लाल रेघ. मोंढ्यात लोकांना ते ती रेघ दाखवायचे, पण यंत्राच्या खुर्चीचं कुणाला सांगायचे नाहीत. काही दिवस गेले आणि डॉक्टरांनी पुन्हा बघायला बोलावलं. मी आदल्या दिवशीपासून धास्तावले होते. हात चांगला होता, बोलणं चांगलं होतं, पण त्या सकाळी मुंग्या येऊन गेल्या तेव्हाही सगळं चांगलंच होतं की. मालक मात्र नवा शर्ट घालून, टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन निघाले, सत्कार करायला. आता खाटेवर झोपायलाही ते तयार होते.

डॉक्टरांनी नारळ बाजूला ठेवला. मालक झोपले. जेली लागली. मी आवाजाचा कान पूर्ण फिरवला आणि पडद्याकडं पाठ करून उभी राहिले. हुश्श, हुश्श, हुश्श. डॉक्टर दांडा वर नेत होते, खाली आणत होते, पुन्हा वर. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या तोंडावर काय उमटतं त्यावर माझं सगळं होतं. वाईट मान दिसली की त्यांच्या डोळ्यांत जी लकाकी यायची ती मला ठाऊक होती.

डॉक्टरांनी तोंडावर हात नेला आणि मोठी, लांबलचक जांभई दिली. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. दांडा ठेवून कागदासाठी माझ्यापुढं हात केला आणि म्हणाले, "बाहेर कोण आहे?"

घरी जाताना मालक रिक्षात फुगून बसले होते. "एवढा नारळ नेला," म्हणाले, "टोपी नेली. माणूस माझ्या मानेवर जांभया देऊन राहिला. काही कदर हाय का न्हाई?"

"देऊ द्या," मी म्हटलं, आणि तोंड बाहेर करून बसले.